वरशाच्या गच्चीवरचा तपकिरी फिल्टर

हवा तपासायला लावलेल्या पंपातला सहावा फिल्टर मी चिमट्यानं उचलून उजेडात धरला. तपकिरी होता. डिझेलच्या धुरानं फिल्टर काळा होतो, रस्त्याच्या धुळीनं मातकट राखाडी होतो, आणि जवळपास लाकूडफाटा जळत असला की चहा सांडल्यासारखा तपकिरी होतो. हा चहाचाच रंग होता. मी वहीत तारखेपुढे ‘लाकडाचा धूर’ असं लिहिलं आणि गच्चीच्या कठड्यावरून नदीकडे पाहिलं. समोर दोन वीटभट्ट्या होत्या. त्यातल्या एकीतून धूर निघत होता.

उत्तर इतकं समोर दिसलं की मला हायसं वाटलं. पुढे दोन महिने ते हायसं वाटणं निस्तरत बसावं लागलं.

मी तेव्हा पेणच्या एका खासगी लॅबमध्ये सीनियर अ‍ॅनालिस्ट होते. आता रिटायर झाले आहे. हवा, पाणी, माती तपासून रिपोर्ट देणं हे आमचं काम. रोह्याला लागून वरसे गाव आहे. पूर्वी तिथे भातशेती होती, आता बिल्डिंगी झाल्या आहेत. नदीच्या बाजूच्या एका गल्लीत अशा पाच बिल्डिंगी ओळीनं उभ्या आहेत. त्यातल्या लोकांनी एक समिती केली होती आणि समितीच्या अध्यक्ष होत्या प्रधान बाई. बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा सात वर्षांचा नातू अर्णव थंडी सुरू झाली की खोकायला लागायचा. रोज सकाळी त्याला वाफेचं मशीन लावावं लागायचं, मग तो शाळेत जायचा. गल्लीतल्या आणखी चार-पाच मुलांचं तेच होतं.

बाईंनी प्रांतसाहेबांकडे अर्ज केला होता, की नदीकाठच्या वीटभट्ट्या बंद कराव्यात. प्रांतसाहेबांचं म्हणणं होतं, आधी हवा मोजून आणा. म्हणून समितीनं आमच्या लॅबला काम दिलं.

काम होतं पीएम टू पॉइंट फाइव्ह मोजायचं. म्हणजे हवेतले इतके बारीक कण, की माणसाच्या केसाच्या जाडीत पंचवीस-तीस कण एका ओळीत मावतील. नाकातले केस, घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हे कण धुळीतून कमी आणि जळण्यातून जास्त येतात. काहीही जळू दे, डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. काही तर धूर म्हणून बाहेर पडतच नाहीत. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या वायूंपासून हवेतच तयार होतात.

लोकांना हे पटवणं अवघड जातं. माझं घर पेणला रामवाडीत, हायवेजवळ. आमच्याकडे खिडकीच्या जाळीवर रोज बोटभर धूळ बसते आणि शेजारीण म्हणते, बघा किती पोल्युशन. मी तिला सांगते, जी दिसते, झाडूनं निघते, ती त्यातल्या त्यात बरी. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासताना उडते ती पांढरी पूडसुद्धा बरीचशी जाडच असते. तीही चांगली नाही, पण ती नाकात अडकते. जी दिसत नाही तिची काळजी करायची. शेजारणीला ते पटलेलं नाही.

तर, प्रधान बाईंच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही सॅम्पलर लावला. सॅम्पलर म्हणजे एक पंप. तो चोवीस तास हवा ओढतो, जाड कण वाटेतच अडवतो आणि बारीक कण एका गोल पांढऱ्या फिल्टरवर जमा करतो. फिल्टर आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वजनातला फरक म्हणजे हवेतले कण. मग तोच फिल्टर लॅबमध्ये तपासून कणांत काय काय आहे ते काढायचं. त्यावरून ते कुठून आले याचा माग लागतो. पेणहून मी स्वतः गाडी घेऊन यायचे. पोचायला दहा वाजायचे, म्हणून फिल्टर बदलायची वेळ सकाळी दहाची ठरली.

सहावा फिल्टर काढला त्याच दिवशी मी भट्टीवर गेले. तिथल्या सरपणाचा आणि राखेचा नमुना हवा होता. भट्ट्या म्हात्रे नावाच्या माणसाच्या होत्या. तो तिथे नव्हता, मुकादम होता. पावसाळा संपला की आसपासच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं भट्टीवर येतात आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच झोपड्या बांधून राहतात. भट्टीपासून वीस पावलांवर झोपड्यांची ओळ होती. एक पन्नाशीची बाई साच्यातून विटा काढत होती. मुकादमानं तिला राख आणून द्यायला सांगितलं. तिनं घमेल्यात राख आणली, मी ती पिशवीत भरली, पिशवीवर लेबल लावलं. ती सगळं उभी राहून पाहत होती. मग तिनं मुकादमाला विचारलं, ह्याच का त्या भट्टी बंद करायला आलेल्या. मी सांगितलं, मी फक्त मोजते, बंद-चालू माझ्या हातात नाही. आम्ही लोक हे वाक्य फार सहज बोलतो.

तीन आठवड्यांनी समितीनं अंतरिम रिपोर्ट मागितला. तोवर लॅबमधले पहिले आकडे आले होते. फिल्टरवर पोटॅशियम भरपूर होतं. झाडांत पोटॅशियम असतं, त्यामुळे लाकूड जळलं की ते धुरात येतं. आमच्या धंद्यात ती लाकडाच्या धुराची खूणच समजतात. भट्टीच्या राखेतही ते होतं. मी दोन पानांचा रिपोर्ट केला. शेवटी लिहिलं, ‘प्रमुख स्रोत लाकूड व तत्सम जळण, नजीकच्या वीटभट्ट्या हे संभाव्य कारण.’ खाली सही केली.

‘संभाव्य’ हा शब्द मी विचार करून घातला होता. तो कोणीही वाचला नाही. दोन दिवसांत सबंध वरशात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की लॅबचा रिपोर्ट आला, भट्ट्याच दोषी. प्रधान बाईंचा आभाराचा फोन आला. प्रांतसाहेबांनी दीड महिन्यानंतरची बैठक लावली. आमचा अंतिम रिपोर्ट त्या बैठकीत ठेवायचा होता, आणि त्यावर भट्ट्यांचा निर्णय व्हायचा होता.

मुकादमानं मला फोन केला. नंबर त्याला राखेच्या पावतीवरून मिळाला होता. तो भांडला नाही. भट्टी ऐन हंगामात बंद झाली तर वीस-बावीस घरं कुठे जातील, एवढंच त्यानं विचारलं. झोपड्या भट्टीच्या जागेत, भट्टी नाही तर झोपडी नाही. मुलं वरशाच्या शाळेत घातलेली. मी त्याला म्हटलं, अंतिम रिपोर्ट अजून व्हायचा आहे. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी त्याला धीर दिला नव्हता, नुसती वेळ मारून नेली होती.

पुढच्या आठवड्यात उरलेले आकडे आले आणि माझी गणितं बिघडली. फिल्टरवर क्लोरीन होतं. आपल्याकडे खाडीची हवा असते. मिठागरांचा पेण तालुका, त्यामुळे क्लोरीन दिसलं की आम्ही आधी मीठ समजतो. पण मीठ असेल तर क्लोरीनबरोबर सोडियमही यायला हवं. रामवाडीला पूर्वी केलेल्या कामाचे फिल्टर मी काढून पाहिले. तिथे दोन्ही जोडीनं होती. वरशाच्या फिल्टरवर क्लोरीन होतं आणि त्याच्या जोडीचं सोडियम नव्हतं. असं क्लोरीन बहुतेक वेळा प्लास्टिक जळल्यावर येतं. भट्टीच्या राखेत त्याचं नाव नव्हतं.

मी आमच्या सरांकडे गेले. कुळकर्णी सर लॅबचे मालक, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि घाईनं काही न करणारे. त्यांना सांगितलं की मला वाटतं आपला अंतरिम रिपोर्ट चुकला.

सर म्हणाले, “वाटतं हे रिपोर्टात लिहिता येत नाही. दुसरा पुरावा आण. तो आला तर चूक मागे घेऊ. सही तुझी आहे तशी माझीही आहे.”

त्यांनी तासातासाचे आकडे देणारं यंत्र दिलं. लॅबमध्ये तसं एकच होतं आणि ते दुसऱ्या कामावर होतं. सरांनी ते तिथून काढून मला दिलं, हे सांगायला हवं. फिल्टर चोवीस तासांची गोळाबेरीज सांगतो. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं असं त्याला सांगता येत नाही. हे यंत्र सांगतं.

यंत्र गच्चीवर लावलं. रोजच्या ग्राफमध्ये एक उंचवटा दिसायला लागला. पहाटे रेघ खाली असायची. साडेसहाच्या सुमारास चढायची, आठपर्यंत वर राहायची आणि नऊला उतरायची. वीटभट्टी अशी जळत नाही. ती एकदा पेटवली की आठ-दहा दिवस रात्रंदिवस आतल्या आत धुमसत राहते.

सरांनी मान हलवली. थंडीत सकाळी सगळ्याच गावांत रेघ चढते, ते म्हणाले. ते खरंच होतं. थंडीच्या पहाटे जमिनीजवळची हवा गार असते आणि वरची उबदार. वरची हवा झाकणासारखी बसते आणि खालचा धूर तिथेच कोंडतो. उन्हं आली की झाकण उघडतं. भट्टीचा धूरही तसाच कोंडत असेल, हे त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मी मुकादमाकडे गेले. तो वही ठेवायचा. कुठली भट्टी कुठल्या तारखेला पेटवली, कधी विझली, सगळं त्यात होतं. यंत्र लावल्याला महिना होत आला होता, आणि त्यात चार दिवस असे होते की एकही भट्टी पेटलेली नव्हती. ते चारही दिवस माझं यंत्र चालू होतं. चारांपैकी तीन दिवस उंचवटा जसाच्या तसा होता. एक दिवस नव्हता. तो मंगळवार होता.

मी सगळे मंगळवार पाहिले. एकाही मंगळवारी उंचवटा नव्हता, भट्टी पेटलेली असो वा नसो. मग फिल्टरची पेटी उघडली. ज्या फिल्टरवर मंगळवारची सकाळ आली होती, तो प्रत्येक फिल्टर इतरांपेक्षा फिका होता. पहिल्या आठवड्यापासून. तो फरक माझ्या हाताखालून गेला होता आणि मी फक्त तपकिरी रंग पाहत बसले होते.

गाड्या मंगळवारी बंद नसतात, कारखाने बंद नसतात, शाळा बंद नसते. आठवड्यातल्या एकाच दिवशी सुट्टी घेतो तो माणूस असतो. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी पहाटे साडेचारला पेणहून निघाले आणि सहाच्या आधी वरशात पोचले. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आतच बसून राहिले.

सव्वासहाला एक बाई खराटा घेऊन आली. पहिल्या बिल्डिंगपासून सुरुवात केली. बदामाची, आंब्याची पानं झाडत झाडत मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे नेली. पानांबरोबर दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, कुरकुऱ्यांची पाकिटं, काय असेल ते. ढीग केला, काडी लावली आणि पुढच्या बिल्डिंगकडे गेली. पानं दवानं ओली होती, त्यामुळे ज्वाळा नव्हती, नुसता धूर. ओलं धुमसतं तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण निघतात. पाच बिल्डिंगी, पाच ढीग. धूर वर चढत नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवरून गल्लीभर पसरत होता. तिसरा ढीग प्रधान बाईंच्या बिल्डिंगमागे होता. मी दहाला यायचे तेव्हा तिथे फक्त काळा डाग असायचा. तो मी कितीदा पाहिला होता.

गाडीतून उतरून जवळ गेले तेव्हा तिला ओळखलं. भट्टीवर मला राख आणून देणारी तीच होती. तिनंही मला ओळखलं. नाव यमुना हिलम. गेली तीन वर्षं पहाटे या पाच बिल्डिंगींची झाडलोट करायची आणि मग भट्टीवर जायची. मंगळवारी ती निडीला जायची, तिची म्हातारी आई तिथल्या वाडीवर होती.

मी विचारलं, हे रोज पेटवता का. ती खराट्यावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं ती घाबरली, पण ती घाबरली नव्हती.

“रोज पेटवते, बाय. माज्या मनानं नाय पेटवत. घंटागाडी पानं घेत नाय, वरची मानसं बोलली जाळून टाक. पयल्या दिसापासून जालते.”

मी तिला समजावून सांगितलं की भट्ट्यांवर जो ठपका आला आहे तो बराचसा या ढिगांचा आहे, आणि मला तसं लिहावं लागेल. लिहिलं तर कोण पेटवतं हा प्रश्न येणारच. हे बोलताना मला बरं वाटत नव्हतं. भट्टी वाचवायला निघाले होते आणि तिचं झाडण्याचं काम घालवणार होते. एकाच बाईची दोन्ही कामं माझ्या सहीखाली आली होती.

तिनं सुटलेली दोन पानं खराट्यानं ढिगात लोटली.

“माजं नाव लिवायचं तर लिवा. पन सांगनाऱ्याचं बी लिवा. माजं एकलीचं नको.”

एवढं बोलून ती चौथ्या बिल्डिंगकडे गेली. काम अर्धं राहिलं होतं.

त्या दिवशी सरांना सगळं दाखवलं. तारखा, ग्राफ, क्लोरीन, फोटो. त्यांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, लिही. अंतरिम रिपोर्ट चुकला असंही लिही, पहिल्याच पानावर, आत कुठेतरी लपवू नकोस. आणि बैठकीआधी बाईंना जाऊन सांग. क्लायंटला चारचौघांत धक्का देणं बरं नाही.

बाईंकडे गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या. चहा ठेवला. मी टेबलावर फिल्टरचे फोटो मांडले, मंगळवारचे वेगळे, बाकीचे वेगळे. बाई शिक्षिका होत्या, त्यांना ग्राफ वाचायला वेळ लागला नाही. मी जे सांगायचं ते सांगून झाल्यावरही त्या कागदाकडेच पाहत होत्या. मग उठून मागच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेले. ती अर्णवची खोली होती. खिडकी उघडून त्यांनी खाली पाहिलं. खाली भिंतीशी काळा डाग होता.

त्यांनी विचारलं, “त्याचा खोकला यानंच का?”

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. मी हवा मोजते, फुप्फुस मोजत नाही. डॉक्टरसुद्धा एका कारणावर बोट ठेवणार नाहीत. पण या खिडकीतून रोज सकाळी दोन तास काय आत येतं ते मी सांगू शकते. बाईंनी खिडकी लावली. बैठकीला येईन म्हणाल्या. त्या बैठकीत काय बोलणार आहेत ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चहा तसाच राहिला.

बैठकीला समितीचे आठ-दहा लोक होते. म्हात्रे होता, मुकादम होता. यमुना नव्हती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि बोलावतात असंही नाही. मी उभी राहून आधी चूक सांगितली. मग एकेक कागद पुढे ठेवला. ढीग पाच, वेळ सकाळी साडेसहा, पानांबरोबर प्लास्टिक, मंगळवारी सुट्टी. रिपोर्टात मी लिहिलं होतं, ‘सोसायट्यांच्या सांगण्यावरून झाडलोट कर्मचारी कचरा जाळतात.’ सांगणारे आधी घातले होते आणि जाळणारे नंतर. त्या एका वाक्यावर माझा अर्धा दिवस गेला होता.

पहिल्यांदा बोलले ते पाचव्या बिल्डिंगचे सावंत. ते इंजिनिअर होते. त्यांचं म्हणणं, मूठभर पानांनी गाव प्रदूषित होत नाही. आणि जाळत असेल तर ती बाई जाळते, तिला काढून टाका, विषय संपला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी ढिगाचं अंतर, धुराची उंची असं काहीतरी सांगायला लागले. पण तो प्रश्न अंतराचा नव्हता हे मलाही कळत होतं.

तेवढ्यात प्रधान बाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

“जाळायला मी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या बिल्डिंगला मी सांगितलं, बाजूच्या दोघांनी मला विचारून तेच केलं. शाळेतही आम्ही पानं अशीच जाळायचो, त्यात काही चूक असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. यमुनाला काढायचं असेल तर आधी मला समितीतून काढा.”

आणि बसल्या. प्रांतसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला आणि मला विचारलं, म्हणजे भट्ट्यांचा काहीच संबंध नाही असं तुम्ही म्हणता का.

या प्रश्नाची मला भीती होती, कारण हो म्हणणं सोपं होतं. म्हात्रे माझ्याकडे आशेनं पाहत होता. मी नाही म्हटलं. भट्टीचा धूर आहे, वारा नदीकडून आला की तो फिल्टरवर दिसतो. शिवाय हायवेवरच्या गाड्यांचा आहे, कारखान्यांच्या वायूंपासून झालेले कण आहेत, लांबून वाहत आलेलं आहे. ढीग विझले म्हणून हवा स्वच्छ होणार नाही, फक्त सकाळचे दोन तास सुधारतील. मग मी एक गोष्ट सांगितली जी रिपोर्टात नव्हती. भट्टीचा धूर सगळ्यात आधी ज्यांच्यापर्यंत जातो ती माणसं भट्टीपासून वीस पावलांवर झोपतात, आणि तिथे आम्ही यंत्र लावलंच नव्हतं. प्रांतसाहेबांनी ते लिहून घेतलं.

भट्ट्या बंद झाल्या नाहीत. प्लास्टिक, टायर जाळू नये, सरपण सुकं वापरावं, अशा अटी घातल्या गेल्या. सोसायट्यांना कचरा न जाळण्याची लेखी ताकीद मिळाली. तीन बिल्डिंगींनी मागच्या बाजूला पानांसाठी खड्डे केले. प्रधान बाईंनी खड्डा स्वतः उभं राहून खणून घेतला. दोन आठवड्यांनी मी पुन्हा यंत्र लावलं, तेव्हा सकाळचा उंचवटा बसला होता. पूर्ण सपाट नव्हता. अर्णवला पुढच्या थंडीत वाफेचं मशीन कमी लागलं, असं बाई म्हणाल्या. त्यात हवेचा भाग किती आणि वय वाढल्याचा किती, ते मला माहीत नाही, आणि बाईंनाही मी तसंच सांगितलं.

सावंतांच्या बिल्डिंगनं यमुनाला काढलं. बाकीच्या चार बिल्डिंगींनी ठेवलं.

झोपड्यांजवळ यंत्र लावायचं काम आम्हाला कोणी दिलं नव्हतं. मी सरांकडे यंत्र पाच दिवसांसाठी मागितलं. सर म्हणाले, तीन दिवस घे. मुकादमानं यमुनाच्या झोपडीशेजारी लाकडी फळ्यांचा चौथरा करून दिला. भट्टी पेटलेली होती. तीन दिवसांत जे आकडे आले ते प्रधान बाईंच्या गच्चीवरच्या सगळ्यात वाईट सकाळपेक्षा वर होते, आणि तिथे उंचवटा नव्हता. रेघ रात्रंदिवस तशीच वर होती. चुलीचा धूर त्यात होता, भट्टीचा होता. वेगवेगळा करायला तीन दिवस पुरत नाहीत.

यंत्र काढायला गेले तेव्हा यमुना विटा रचत होती. तिला सांगितलं की इथली हवा बिल्डिंगींपेक्षा वाईट आहे.

“ते आमाला ठावं हाय, बाय,” ती म्हणाली. “कागदावर आलं काय?”

मी हो म्हटलं. तो रिपोर्ट मी चार पानांचा केला, सरांनी सही केली, आणि प्रती सगळीकडे पाठवल्या. प्रांत कार्यालयातून पोच आली. म्हात्रेनं फोनवर ऐकून घेतलं. त्या रिपोर्टावर बैठक काही लागली नाही. दोनदा पत्र लिहून विचारलं, मग मी रिटायर झाले.

आता कधीतरी लॅबमध्ये नव्या लोकांना ट्रेनिंगला बोलावतात. मी त्यांना पोटॅशियम, क्लोरीन सगळं सांगते. पण सुरुवात दुसरीकडून करते. हवेचा कुठलाही रिपोर्ट हातात आला की आकड्यांच्या आधी साइटचा पत्ता वाचा. यंत्र कधीच हवेच्या हिशेबानं लागत नाही. ज्यानं अर्ज केला त्याच्या गच्चीवर लागतं.